स्कॅन केलेल्या नकाशावरून शेताचे कोपरे कसे काढायचे: ओपनसीव्ही वापरून, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

आमच्या गटाची मोजणी झाली, 'क' प्रत (मोजणीच्या नकाशाची प्रत) हातात आली, ती दोन वर्षं कपाटात पडून होती. मग चुलत्यांशी बांधाचा विषय निघाला आणि घरात सगळ्यांना एकदम प्रश्न पडला की या नकाशात आपलं क्षेत्र भरतं तरी किती. मी थोडंफार पायथन लिहितो, म्हटलं त्यात काय, फोटोतून कोपरे काढायचे, गुणाकार करायचा, झालं. तीन आठवडे गेले! कोड शेवटी पन्नास ओळींचा पण झाला नाही, वेळ सगळा खाल्ला तो भलत्याच गोष्टींनी, आणि त्या गोष्टी कुठे एकत्र लिहिलेल्या सापडल्या नाहीत म्हणून हे लिहितोय.

आधीच सांगून ठेवतो, हे आपल्या माहितीसाठी आहे. हद्द कायम करायची असेल तर भूमी अभिलेखकडे अर्ज करून भूकरमापकच आणावा लागतो, लॅपटॉपवरचा आकडा घेऊन बांधावर भांडायला जाऊ नका.

फंक्शनांची नावं मी देवनागरीत लिहिलीत. एडिटरमध्ये सीव्ही२ (पायथनमधलं ओपनसीव्हीचं नाव) लिहून टिंब दिलं आणि पहिली दोन-तीन अक्षरं टाकली की पूर्ण नाव तो स्वतःच सुचवतो, त्यामुळे अडणार नाही.

आधी काय काय जमवायचं

- नकाशाची मूळ प्रत, झेरॉक्स नको (का ते खाली येईल)
- चालू ७/१२
- फ्लॅटबेड स्कॅनर, किंवा गावातलं स्कॅन करून देणारं दुकान
- पायथन, ओपनसीव्ही (इमेजवर काम करायची लायब्ररी), नमपाय (आकड्यांच्या टेबलांची लायब्ररी)
- नकाशावरच्या निदान एका बाजूची खरी लांबी, लिहिलेली असेल तर उत्तम, नाहीतर टेप घेऊन शेतात जा

ओपनसीव्ही टाकताना साधं पॅकेज आणि कॉन्ट्रिबवालं पॅकेज दोन्ही एकत्र टाकू नका, एकमेकांच्या फायली पुसतात आणि मग भलतीच एरर येते. हेडलेसवालं टाकलंत तर आयएमशोची (इमेज दाखवणाऱ्या फंक्शनची) खिडकी उघडणार नाही, ते सर्व्हरसाठी असतं.

१. स्कॅन नीट करा, निम्मं काम इथेच आहे

३०० डीपीआय, रंगीत, आणि पीएनजी किंवा टिफमध्ये सेव्ह. जेपीजीत रेघेच्या कडेला बारीक किटाण जमतं, ते पुढे त्रास देतं.

३०० डीपीआयच का, तर हिशोब सोपा जातो. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्यात ३०० पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल कागदावर ०.०८४७ मिलिमीटर. नकाशाचं प्रमाण १:१००० असेल (काही नकाशांवर १ सेंमी = १० मीटर असं लिहितात, तेच ते) तर एक पिक्सेल जमिनीवर साधारण साडेआठ सेंटिमीटर. १:५०० असेल तर सव्वाचार. हा आकडा वहीत लिहून ठेवा, पुढे प्रत्येक पायरीला लागतो.

आता झेरॉक्सचं. दुकानात मशीन बऱ्याचदा पानात बसवून छापते, नकाशा ९८ टक्के होतो, डोळ्याला कळत पण नाही. लांबी दोन टक्के घटली की क्षेत्र जवळजवळ चार टक्के घटतं, म्हणजे ८६ आरचं शेत ८२.६ आर दिसतं. सव्वातीन गुंठ्यांहून जास्त जमीन झेरॉक्स मशीनने खाल्ली! व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेल्या नकाशाचंही तेच, तो लहान होऊन येतो, डीपीआयला काही अर्थच उरत नाही. मागवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून मागवा.

मोबाईलने काढलेला फोटो असेल तर आधी कागदाचे किंवा नकाशाच्या चौकटीचे चार कोपरे घेऊन पर्स्पेक्टिव्ह सरळ करावा लागतो, गेटपर्स्पेक्टिव्हट्रान्सफॉर्म आणि वार्पपर्स्पेक्टिव्ह ही जोडी त्यासाठीच आहे. त्यात चौकटीची खरी लांबी-रुंदी मोजून द्या, अंदाजे दिली की शेत एका बाजूला ताणलं जातं. आणि घडीच्या जागी कागद उचललेला असेल तर ही जोडी पण काही करू शकत नाही.

२. इमेज वाचा, आणि वाचली गेली का ते बघा

माझी पहिली संध्याकाळ यात गेली. फाइलचं नाव ठेवलं होतं 'शेताचा नकाशा', मराठीत, हौसेने. विंडोजवर आयएमरीडला (इमेज वाचणाऱ्या फंक्शनला) असली नावं झेपत नाहीत, आणि गंमत म्हणजे तो एरर देऊन थांबत नाही, नुसता 'नन' म्हणजे 'काहीच नाही' परत करतो. मग पुढच्या ओळीत सीव्हीटीकलर (रंग बदलणारं फंक्शन) सांगतो की सोर्स रिकामा आहे, आणि आपण त्या ओळीत चूक शोधत बसतो जिथे काही चूकच नाहीये. फोल्डरचं नाव मराठी असलं तरी हेच होतं. नाव इंग्रजीत ठेवा, किंवा नमपायच्या फ्रॉमफाइलने बाइट वाचून आयएमडीकोडला द्या. आणि वाचल्यावर लगेच 'नन आहे का' ही एक ओळ टाकायची सवय लावून घ्या.

दुसरं, ए३ कागद ३०० डीपीआयला साधारण ३५०८ × ४९६१ पिक्सेल होतो. आयएमशोला तो सरळ दिला की स्क्रीनवर नुसता डावा वरचा कोपरा दिसतो. खिडकी आधी 'विंडो नॉर्मल' करून उघडा म्हणजे लहान करता येते. बघण्यासाठी लहान करा हां, मूळ इमेजला रिसाइझ करू नका.

३. काळं-पांढरं करा

ग्रे, मग हलका गॉशियन ब्लर (इमेज थोडी धूसर करणं), मग थ्रेशोल्ड (एका सीमेच्या वरचं पांढरं, खालचं काळं). स्कॅन एकसारखा असेल तर ओत्सू पुरतो, तो हिस्टोग्रॅम बघून सीमा स्वतः ठरवतो, १९७९ ची पद्धत आहे आणि अजून तिला तोड नाही. कागद जुना, पिवळा, मधे सावली असेल तर ॲडॅप्टिव्ह थ्रेशोल्ड घ्या, त्यात ब्लॉक साइझ विषम आकडाच लागतो, ५१ पासून सुरू करा.

थ्रेशोल्ड उलटा लावा, म्हणजे रेघा पांढऱ्या आणि कागद काळा. ओपनसीव्ही पांढऱ्याला वस्तू समजतं आणि काळ्याला मागची बाजू. हे विसरलात तर कोपरे म्हणून अख्ख्या कागदाचे चार कोपरे हातात येतात, आणि चार छान आकडे बघून माणूस खूशही होतो. मी झालो होतो.

४. आपलं शेत वेगळं काढा

इंटरनेटवरचं प्रत्येक उदाहरण पांढऱ्या पानावर एक निळा त्रिकोण घेतं. नकाशात शेजारचे गट असतात, गट नंबर असतात, विहीर, रस्ता, उत्तर दाखवणारा बाण, शिक्का, सही. सरळ फाइंडकाँटूर्स (आकृत्यांच्या कडा म्हणजे काँटूर शोधणारं फंक्शन) चालवलं तर शेकड्याने आकृत्या येतात आणि त्यात आपली कुठली ते शोधणं म्हणजे जत्रेत पोरगं शोधणं.

मला उपयोगी पडलं ते फ्लडफिल. शेताच्या आत एक बिंदू द्यायचा आणि तिथून करडा रंग सोडायचा, पाटाचं पाणी जसं वाफ्यात पसरतं तसा तो रेघेपर्यंत पसरून थांबतो. जेवढं करडं झालं तेवढं आपलं शेत. आतल्या गट नंबराची अक्षरं भोकं म्हणून राहतात, ती पुढच्या पायरीत आपोआप सुटतात.

रेघ कुठे तुटलेली असेल तर मात्र बांध फुटल्यासारखं होतं, रंग शेजाऱ्याच्या शेतात, तिथून रस्त्यावर, मग सगळ्या कागदावर. उपाय म्हणजे फ्लडफिलच्या आधी मॉर्फॉलॉजी क्लोज (बारीक फटी बुजवणारी क्रिया), ३ × ३ चा कर्नल (पिक्सेलांचा छोटा साचा) घेऊन, नाही भागलं तर ५ × ५. त्याच्या वर जाऊ नका. मी ११ × ११ लावला तेव्हा गट नंबराचा एक आकडा बांधाच्या रेघेला चिकटला आणि शेताला तिथे एक खाच पडली, दोन जादा कोपऱ्यांसकट. मोठी तूट असेल तर सरळ पेंटमध्ये उघडा आणि हाताने एक रेघ ओढा. यात कमीपणा काही नाही, पाच मिनिटांचं काम आहे.

फ्लडफिलच्या तीन खोड्या. बिंदू आधी एक्स मग वाय असा द्यायचा, आणि नमपायमध्ये तोच पिक्सेल बघायचा तर आधी ओळ मग स्तंभ, म्हणजे वाय आधी. मास्क (कुठला भाग धरायचा ते दाखवणारी काळी-पांढरी इमेज) दिलात तर तो इमेजपेक्षा रुंदीला दोन आणि उंचीला दोन पिक्सेल मोठा लागतो, नाहीतर एरर. आणि शेजार चार बाजूंचाच ठेवा (तसाच असतो, बदलू नका), आठ बाजूंचा केला की बारीक तिरक्या रेघेतून रंग झिरपतो.

५. काँटूर घ्या

करड्या भागाचा मास्क करा आणि फाइंडकाँटूर्सला 'एक्स्टर्नल' सांगा, म्हणजे फक्त बाहेरची कड येईल, भोकं नाही. जुनं ट्युटोरियल बघून लिहिताय आणि 'अनपॅक करायला व्हॅल्यू कमी पडल्या' अशी एरर येतेय? ओपनसीव्ही ३ मध्ये हे फंक्शन तीन गोष्टी परत करायचं, ४ मध्ये दोनच करतं. पहिला शब्द काढून टाका.

जे हातात येतं त्याचा आकार विचित्र असतो, किती बिंदू, मग एक, मग दोन. मधला तो 'एक' कशाला हे विचारू नका, रीशेप करून दोन स्तंभांचं टेबल करून घ्या. बिंदू शेकडो असतील. ते अजून कोपरे नाहीत, कडेवरचे पिक्सेल आहेत.

६. पिक्सेलांतून कोपरे: एप्सिलॉनचा खेळ

इथे अप्रॉक्सपॉलीडीपी लागतं. नावातलं डीपी म्हणजे डग्लस आणि प्यूकर, १९७३ साली त्यांनी ही रीत मांडली तीच मुळात नकाशातल्या रेषा कमी बिंदूंत बसवायला, त्यामुळे आपलं काम म्हणजे तिचं माहेरच. तत्त्व सोपं आहे: दोन लांबच्या बिंदूंमधे दोरी ताणा, दोरीपासून सगळ्यात लांब गेलेला बिंदू एप्सिलॉनपेक्षा जास्त लांब असेल तर तो कोपरा धरा आणि दोन्ही तुकड्यांना परत तेच करा, नसेल तर मधले सगळे सोडा.

सगळीकडे लिहिलेलं असतं की एप्सिलॉन परिमितीच्या एक ते दोन टक्के घ्या. पानावरचा निळा त्रिकोण असेल तर घ्या. आमच्या शेताची परिमिती साधारण ४४०० पिक्सेल, एक टक्का म्हणजे ४४ पिक्सेल, जमिनीवर ते होतात पावणेचार मीटर. म्हणजे बांधाला तीन-साडेतीन मीटरचा जो बाक असेल तो कोड मुकाट्याने सरळ करून टाकतो! आमच्या ओढ्याकडच्या बाजूला नेमका असाच बाक आहे आणि भांडण पण नेमकं त्याच बाजूचं.

म्हणून टक्के सोडा, पिक्सेलमध्ये विचार करा. रेघेची जाडी मोजा, समजा ५ पिक्सेल, तर एप्सिलॉन त्याच्या आसपास, ४ ते ६. मग २, ४, ६, १०, १५ असे लावून प्रत्येक वेळी कोपरे किती येतात ते छापा. माझ्याकडे २ ला एकतीस आले, ४ ला अकरा, ६ ला नऊ, १० ला नऊ, १५ ला सात. जिथे आकडा थांबतो तिथे थांबायचं. नऊ आले तेव्हा नकाशावर बोट ठेवून मोजले, नऊच होते.

हॅरिस कॉर्नर (कोपरे शोधायची दुसरी पद्धत) का नाही असं विचाराल. वापरून बघितलं. त्याला गट नंबराचा प्रत्येक आकडा कोपऱ्यांनी भरलेला दिसतो, आणि जे बिंदू देतो त्यांना क्रम नसतो, कुठला कुठल्याला जोडायचा ते तुम्हीच ठरवा. काँटूरमधले बिंदू कडेने चालत येतात, क्रम फुकटात मिळतो.

आणि कॉन्व्हेक्स हल (सगळ्या बिंदूंभोवती बाहेरून ताणलेली दोरी) चुकूनही नको. त्याने आत वळलेला कोपरा गायब होतो. करून बघा: कोऱ्या इमेजवर फिलपॉलीने पाच कोपऱ्यांचं शेत काढा, (१००, १००), (५००, १००), (५००, ४००), (३००, ३००), (१००, ४००). क्षेत्र बरोबर एक लाख पिक्सेल, १:१००० आणि ३०० डीपीआयने ७१७ चौ.मी., सात गुंठे आणि थोडं. हल लावला की चौथा कोपरा जातो आणि क्षेत्र होतं १ लाख २० हजार. कागदावर बसल्या बसल्या १४३ चौ.मी. वाढले, जवळजवळ दीड गुंठा. हीच इमेज आधी तुमच्या सगळ्या कोडमधून काढा (पायरी ७ चं डायलेट सोडून, कारण या इमेजला रेघ नाही), पाच कोपरे आणि एक लाख आल्याशिवाय खऱ्या नकाशाला हात लावू नका.

७. रेघेची जाडी

बारीकसारीक वाटतं पण वगळू नका. हद्द रेघेच्या मध्यावर असते आणि फ्लडफिल आतल्या कडेलाच थांबतं. ५ पिक्सेलची रेघ असेल तर शेवटचा करडा पिक्सेल मध्यापासून ३ पिक्सेल अलीकडे असतो. वरच्या पाच कोपऱ्यांच्या शेताची परिमिती १४४७ पिक्सेल आहे, गुणिले ३, साधारण ४३०० पिक्सेल कमी, म्हणजे ३१ चौ.मी. एवढ्याशा शेतात! मास्क ३ पिक्सेलने डायलेट करा (म्हणजे फुगवा), गोल कर्नल घेऊन, चौकोनी कर्नल तिरक्या बाजू जास्त फुगवतो. हे पायरी ५ मध्ये, मास्क झाल्यावर आणि फाइंडकाँटूर्सच्या आधी करायचं, मी नंबर नंतर दिलाय कारण मला पण ते नंतरच कळलं.

८. पिक्सेलचे मीटर करा

डीपीआय आणि प्रमाणावरून आलेला आकडा हा अंदाज समजा. कागद हवेने वाढतो-आटतो, आणि आडवा-उभा सारखा नाही. म्हणून ज्या बाजूची खरी लांबी माहीत आहे तिचे पिक्सेल मोजा आणि भागाकार करा. एक आडवी आणि एक उभी बाजू मिळाली तर दोन्हीचे गुणक वेगळे काढा. माझ्यात फरक अर्ध्या टक्क्याच्या आत होता, तो मी सोडून दिला.

इमेजमध्ये वाय खाली वाढतो, नकाशात उत्तरेकडे म्हणजे वर. इमेजच्या उंचीतून वाय वजा करा, नाहीतर शेत आरशात बघितल्यासारखं उलटं होतं. क्षेत्र बरोबर येतं त्यामुळे चूक लक्षात येत नाही, लक्षात येते ती शेतात उभं राहिल्यावर, ओढा उजवीकडे हवा तो डावीकडे.

अक्षांश-रेखांश हवे असतील तर वेगळं प्रकरण आहे, त्याला क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधला जिओरेफरन्सर घ्या. शेतातले निदान तीन, खरं तर पाच-सहा ठाम बिंदू लागतात, विहिरीचा कठडा, हद्दीचा दगड असे, झाड नको. यूटीएमचा (मीटरमध्ये जागा सांगणाऱ्या पद्धतीचा) झोन निवडताना नागपूर, चंद्रपूर, गोंदियाकडे ४४ उत्तर, पुणे-सातारा, कोकण आणि मराठवाड्याचा बहुतेक भाग ४३ उत्तर.

९. ७/१२ शी ताळा

काँटूरएरिया मीटरमधल्या बिंदूंवर चालवा (फ्लोट३२ करून द्या, नाहीतर रुसतं), चौ.मी. मिळतात. शंभरने भागलं की आर, १०१.१७ ने भागलं की गुंठे.

माझं उत्तर आलं ८६ आर आणि मी ७/१२ वर बघत होतो ८०. दोन रात्री कोड उसवला. डायलेट काढून बघितलं, एप्सिलॉन बदलला, परत स्कॅन केला, ८६ काही हलेना. तिसऱ्या दिवशी आईला दाखवलं, ती म्हणाली, "अरे, ओढ्याकडचा पोटखराबा धरलास का?" ७/१२ वर लागवडीयोग्य क्षेत्र वेगळं आणि पोटखराबा वेगळा लिहितात, माझं बोट फक्त वरच्या आकड्यावर. खाली ६ आर होतेच. नकाशातली हद्द दोन्ही मिळून असते, तेव्हा तुलना एकूण क्षेत्राशीच करा.

एक-दीड टक्क्याचा फरक राहिला तर डोक्याला ताप नको, स्कॅन आणि रेघेत तेवढं जातं. चार टक्के असेल तर झेरॉक्स आठवा. वीस टक्के असेल तर रंग शेजारी गेलाय, नाहीतर एखाद्या पोटहिश्श्याची रेघ मधे आडवी आलीय आणि अर्धंच शेत भरलंय.

१०. कोपऱ्यांना नंबर द्या आणि साठवा

पहिला बिंदू कुठला येईल याचा नेम नसतो, वायव्येचा कोपरा पहिला धरून यादी फिरवून घ्या म्हणजे दर वेळी एक नंबर तोच राहील. मग सीएसव्हीत लिहा आणि मूळ स्कॅनवर गोल आणि नंबर काढून एक प्रिंट घ्या. पुटटेक्स्टला देवनागरी येत नाही, 'ओढा' लिहिलं की प्रश्नचिन्हांची रांग छापतो, मराठी हवं तर पिलो (पायथनची दुसरी इमेज लायब्ररी) वापरून युनिकोड फॉन्टने लिहा.

प्रिंट घेऊन शेतात जाताना टेप पण न्या आणि जी बाजू पायरी ८ मध्ये वापरली नव्हती अशी एखादी मोजा. आमची कोपरा ३ ते कोपरा ४ ही बाजू कोडप्रमाणे ४१.३ मीटर होती, टेपवर ४१.५ भरली, टेपचं एक टोक चुलत्यांनीच धरलं होतं.